बद्धकोष्ठतेच्या आयबीएसवरचं औषध: पहिल्या गोळीपासून बाराव्या आठवड्यापर्यंत

आयबीएस म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम: पोट वारंवार दुखतं आणि सोबत बद्धकोष्ठता किंवा जुलाब असतात. त्याचं औषध अर्धवट सुटतं ते बहुतेक वेळा असं. डॉक्टर कॅप्सूल लिहून देतात. पहिल्या दिवशी ती न्याहारीबरोबर घेतली जाते, कारण ‘सकाळी एक’ एवढंच लक्षात राहिलेलं असतं. दुपारपर्यंत तीन-चारदा पळापळ होते. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी बाहेर जायचं असतं म्हणून गोळी टाळली जाते आणि आठवडाभरात डबी कपाटात मागे सरकते. पुढच्या भेटीत आपण सांगून मोकळे होतो, ‘ते औषध मला सोसलं नाही.’ सोसलं नाही हे खरंच असतं. पण ते जसं घ्यायला हवं होतं तसं घेतलं होतं का, हे कुणी विचारत नाही.

या औषधांमध्ये जेवणाच्या आधी की नंतर, डबी कुठे ठेवली, जुलाब लागल्यावर काय केलं, या बारीकसारीक गोष्टींनी निकाल बदलतो. हा लेख प्रिस्क्रिप्शन हातात पडल्यानंतरचा आहे. कोणतं औषध घ्यायचं ते डॉक्टरच ठरवतील. ते कसं घ्यायचं ते इथे पाहू.

आधी, हे खरंच आयबीएस आहे ना?

नुसती बद्धकोष्ठता आणि बद्धकोष्ठतेचं आयबीएस यांत फरक दुखण्याचा आहे. २०१६ साली आलेल्या रोम-४ निकषांनुसार गेल्या तीन महिन्यांत सरासरी आठवड्यातून एक दिवस तरी पोट दुखलेलं असावं लागतं. ते दुखणं शौचाशी, शौचाच्या फेऱ्यांमधल्या बदलाशी किंवा मळाच्या स्वरूपातल्या बदलाशी, यांपैकी किमान दोन गोष्टींशी जोडलेलं असावं, आणि त्रास सहा महिने किंवा त्याहून जुना असावा. मळाचं स्वरूप ओळखायला डॉक्टर ब्रिस्टल तक्ता वापरतात. त्यात सात प्रकार आहेत: पहिला म्हणजे शेळीच्या लेंड्यांसारखे सुटे कडक खडे, चौथा म्हणजे मऊ आणि गुळगुळीत, सातवा म्हणजे निव्वळ पाणी. हे आकडे पाठ करून ठेवा. ‘पोट साफ होत नाही’ या वाक्यापेक्षा ‘आठवड्यात पाच दिवस पहिला प्रकार’ हे डॉक्टरांच्या कितीतरी जास्त कामाचं असतं.

काही लक्षणं मात्र आयबीएसच्या खाती टाकून चालत नाहीत. मळात रक्त, प्रयत्न न करता घटलेलं वजन, रक्तक्षय, ताप, रात्री झोपेतून उठवणारा त्रास, पन्नाशीच्या आसपास किंवा नंतर पहिल्यांदाच सुरू झालेली तक्रार, जवळच्या नात्यात मोठ्या आतड्याचा कर्करोग: यांतलं काहीही असेल आणि डॉक्टरांना सांगायचं राहून गेलं असेल, तर गोळी सुरू करण्याआधी सांगा.

आणखी एक शक्यता बऱ्याचदा हुकते. काही जणांत मळ मऊ असतो, जोरही लागतो, पण गुदद्वाराभोवतीचे स्नायू कुंथताना सैल पडण्याऐवजी आवळले जातात. खूप वेळ बसावं लागणं, पूर्ण झाल्यासारखं न वाटणं, कधी बोटाने मदत करावी लागणं या त्याच्या खुणा. यावर आतड्यात कितीही पाणी आणलं तरी अडचण तिथेच राहते. त्याला स्नायूंचं प्रशिक्षण, म्हणजे बायोफीडबॅक, जास्त उपयोगी पडतं. हे सांगायला लाज वाटते, कबूल. पण डॉक्टर आपण होऊन विचारतीलच असं नाही.

हातात कोणतं औषध आहे?

या गटातली बहुतेक नवी औषधं एकच गोष्ट वेगवेगळ्या वाटेने करतात: आतड्याच्या पोकळीत पाणी वाढवतात. मळ मऊ होतो, पुढे सरकतो. जुलाब हा त्यांचा मुख्य दुष्परिणामही त्याच पाण्यातून येतो. म्हणजे गुण आणि उपद्रव यांचा उगम एकच आहे, आणि सगळी कसरत प्रमाण साधण्याची आहे.

लिनाक्लोटाइडला अमेरिकेत २०१२ साली मान्यता मिळाली. आतड्याच्या अस्तरावरच्या एका विशिष्ट ग्राहीला, म्हणजे पेशीवरच्या संदेश झेलणाऱ्या जागेला, ते चालना देतं. त्यामुळे क्षार आणि पाणी पोकळीत येतं, शिवाय दुखणं वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंची चेतनाही कमी होते असं प्राण्यांवरच्या अभ्यासांत दिसलं आहे. आयबीएससाठी मोठ्यांचा डोस दिवसातून एकदा २९० मायक्रोग्रॅम. नुसत्या बद्धकोष्ठतेसाठी १४५ आणि ७२ मायक्रोग्रॅमच्या कॅप्सूल असतात, त्यामुळे डबीवरचा आकडा प्रिस्क्रिप्शनशी जुळतो का ते एकदा पाहाच. प्लेकानाटाइड त्याच ग्राहीवर काम करतं; डोस ३ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. आयबीएससाठी त्याला २०१८ मध्ये मान्यता मिळाली.

लुबिप्रोस्टोन जुनं आहे. आयबीएससाठी त्याला २००८ साली मान्यता मिळाली, तीही फक्त १८ वर्षांवरच्या स्त्रियांसाठी: ८ मायक्रोग्रॅम, दिवसातून दोनदा. ते आतड्याच्या पेशींमधल्या क्लोराइड बाहेर सोडणाऱ्या मार्गिका उघडतं आणि त्यामागे पाणी येतं. टेनापानोर उलट्या बाजूने जातं. आतडं अन्नातलं सोडियम शोषून घेतं ते दारच ते अडवतं, आणि सोडियम मागे राहिलं की पाणीही मागे राहतं. त्याला २०१९ मध्ये मान्यता मिळाली. डोस ५० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा.

मायक्रोग्रॅम आणि मिलिग्रॅम यांत हजार पटींचा फरक आहे. कुणाला फोनवर डोस सांगताना तो नीट उच्चारा.

यांखेरीज जोडीला काही गोळ्या असू शकतात. कळ कमी करणाऱ्या गोळ्यांपैकी डायसायक्लोमिन किंवा हायोसिन यांनी कोठा आणखी जड होऊ शकतो. काचबिंदू किंवा लघवी अडकण्याचा त्रास असेल तर त्या देण्याआधी डॉक्टरांना ते माहीत असायला हवं. मेबेव्हेरिन साधारण जेवणाआधी वीस मिनिटं घेतात. नैराश्यावरच्या काही गोळ्या कमी डोसमध्ये पोटाच्या दुखण्यासाठी देतात. ‘मला काय वेड लागलंय का?’ असं मनात आलं तर समजून घ्या: आतडं आणि मेंदू यांच्यातल्या मज्जातंतूंवर त्या काम करतात म्हणून दिलेल्या असतात. मात्र त्यांतल्या जुन्या, ट्रायसायक्लिक गटातल्या गोळ्यांनी बद्धकोष्ठता वाढते, एवढं विचारून घ्या.

आणि हे कधीच करू नका: आयबीएस आहे म्हणून दुसऱ्या आयबीएसवाल्याची गोळी घेणं. जुलाबाच्या आयबीएसवरची लोपेरामाइड किंवा अलोसेट्रॉनसारखी औषधं नेमकं उलट काम करतात. आधीच बद्धकोष्ठता असलेल्याने अलोसेट्रॉन घेतलं तर गंभीर गुंतागुंत होऊ शकते. आजाराचं नाव एकच, पण औषधांच्या दिशा विरुद्ध.

पहिल्या गोळीआधीची यादी

एका कागदावर लिहा आणि डॉक्टरांपुढे ठेवा. आतड्यात कधी अडथळा आला होता का, पोटाच्या शस्त्रक्रिया कोणत्या झाल्या, हर्निया आहे का, हे सगळ्यात वर. आतड्यात अडथळा असताना किंवा तसा संशय असताना वर सांगितलेली पाणी वाढवणारी चारही औषधं घ्यायची नसतात. पोट फुगून टणक झालंय, उलट्या होतायत आणि गॅसही सरत नाही, अशी अवस्था असेल तर गोळी बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठा.

त्यानंतर मूत्रपिंड आणि यकृताचे आजार (यकृत फारच बिघडलेलं असेल तर लुबिप्रोस्टोनचा डोस कमी करावा लागतो), गर्भारपण किंवा त्याचा विचार, अंगावर पाजणं.

मग चालू असलेल्या सगळ्या गोळ्या. इथे बहुतेकांची चूक होते. ‘औषधं’ म्हटलं की बीपी आणि शुगरच्या गोळ्या आठवतात. लोहाची गोळी, कॅल्शियम, ॲसिडिटीवरचं अ‍ॅल्युमिनियम असलेलं पातळ औषध आणि सर्दीची झोप आणणारी गोळी आठवत नाही. हे सगळे कोठा बांधणारे. त्यात अफूवर्गातल्या वेदनाशामक गोळ्या आणि रक्तदाबावरचं व्हेरापामिलही आलं. कधी कधी यादीतली एक गोळी बदलली तरी निम्मं काम होतं.

आणि घरात लहान मूल आहे का, हेही. लिनाक्लोटाइडच्या वेष्टनावर दोन वर्षांखालच्या मुलांसाठी, तर प्लेकानाटाइड आणि टेनापानोरच्या वेष्टनावर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी कडक इशारा असतो. उंदरांच्या लहान पिल्लांवरच्या प्रयोगांत शरीरातलं पाणी कमी होऊन मृत्यू झाले होते, म्हणून तो आला. कुलूप नसेल तर निदान उंच फळी.

घड्याळ आणि ताट

लिनाक्लोटाइड अनशापोटी घ्यायचं, आणि दिवसातल्या पहिल्या खाण्याला त्यानंतर किमान अर्धा तास असावा. भरपूर स्निग्ध न्याहारीबरोबर घेतलं तर मळ जास्त पातळ होतो आणि फेऱ्या वाढतात, असं तपासून पाहिलेलं आहे. लेखाच्या सुरुवातीची पळापळ इथूनच आली. सोपा मार्ग म्हणजे उठल्या उठल्या, दात घासायच्या आधी, पाण्याबरोबर. आंघोळ वगैरे होईपर्यंत अर्धा तास निघून जातो.

थायरॉइडची गोळीही अनशापोटीच घ्यायची असते, आणि दोन अनशापोटींची टक्कर अनेकांच्या घरी होते. कोणती आधी, किती अंतराने, हे स्वतःच्या अंदाजाने न ठरवता डॉक्टर किंवा केमिस्टकडून वेळेसकट लिहून घ्या.

प्लेकानाटाइडला जेवणाचं बंधन नाही. टेनापानोर न्याहारीच्या आणि रात्रीच्या जेवणाच्या लगेच आधी घ्यायचं. लुबिप्रोस्टोन मात्र खाण्याबरोबरच आणि पाण्याबरोबर. त्याची मुख्य तक्रार मळमळ आहे, आणि पोटात अन्न असलं की ती कमी होते. त्याची कॅप्सूल चावायची किंवा फोडायची नाही. पहिल्या गोळीनंतर अर्ध्या-एक तासात काहींना छातीवर दाब आल्यासारखं वाटतं, श्वास अपुरा पडतो. हे सहसा काही तासांत जातं, पण पुढच्या गोळीला पुन्हा होऊ शकतं. काहींचा रक्तदाब उतरून चक्करही येते. म्हणून पहिला डोस घरी, कुणी सोबत असताना घ्या आणि लगेच गाडी चालवायला निघू नका. असं काही झालं तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

कॅप्सूल गिळता येत नसेल तर लिनाक्लोटाइडची उघडता येते. आतले बारीक दाणे ३० मिलिलिटर साध्या पाण्यात टाकून वीस सेकंद ढवळायचे आणि लगेच पिऊन टाकायचं; पेल्यात पुन्हा तेवढंच पाणी घालून तेही प्यायचं. दाणे विरघळत नाहीत आणि काही पेल्याला चिकटून राहतात, त्याची काळजी नको. औषध दाण्यांच्या वरच्या थरात असतं आणि ते पाण्यात उतरलेलं असतं. दाणे चावू मात्र नका, आणि कालवून ठेवून ‘मग घेईन’ असंही नको.

डोस विसरला तर? दिवसातून एकदाचं औषध असेल तर तो दिवस सोडून द्या आणि उद्या ठरल्या वेळी घ्या. दोनदाचं असेल तर पुढच्या वेळेपासून चालू ठेवा. भरपाई म्हणून दोन कधीच नाहीत.

डबीतली ती छोटी पुडी

लिनाक्लोटाइडच्या डबीत ओलावा शोषणारी पुडी असते. ती काढून टाकायची नाही, डबी घट्ट बंद ठेवायची आणि कॅप्सूल दुसऱ्या डबीत काढायच्या नाहीत. म्हणजेच वारांची नावं असलेल्या गोळ्यांच्या डब्यात हे औषध भरू नये. प्लेकानाटाइड आणि टेनापानोरच्या गोळ्याही मूळ डबीतच बऱ्या. न्हाणीघरातलं आरशाचं कपाट ही औषधांची सगळ्यात आवडती आणि सगळ्यात वाईट जागा.

पहिले पंधरा दिवस

जुलाब लागायचे असतील तर बहुधा याच काळात लागतात. आयबीएसवरच्या चाचण्यांमध्ये लिनाक्लोटाइड घेणाऱ्यांपैकी सुमारे २० टक्क्यांना जुलाब झाले. तुलनेसाठी बनावट गोळी, म्हणजे आत औषधच नसलेली गोळी, घेणाऱ्यांत हे प्रमाण ३ टक्के होतं. तीव्र जुलाब मात्र २ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पाचातल्या चौघांना त्रास झाला नाही, आणि ज्यांना झाला त्यांतल्या बहुतेकांचा आटोक्यातला होता.

तरीही सुरुवात करायचा दिवस निवडा. दुसऱ्या दिवशी लांबचा प्रवास, परीक्षा किंवा लग्न असेल तर दोन दिवस थांबल्याने बिघडत नाही. इतकी वर्षं काढलीतच.

जुलाब म्हणजे नेमकं काय, हेही ठरवून घ्या. वर्षानुवर्षं खडे पाहिलेल्या माणसाला पाचवा प्रकारही जुलाब वाटतो. दिवसातून एक-दोनदा मऊ होत असेल तर औषध काम करतंय. पाण्यासारखं तीन-चारदा किंवा जास्त, घाईने, कपडे खराब होण्याची भीती, हा जुलाब. असं झालं तर पाणी आणि ओआरएस घ्या (पाकिटावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात मिसळून, पातळ किंवा घट्ट न करता) आणि डॉक्टरांशी बोला. ते काही दिवस थांबवायला सांगतील किंवा डोस बदलतील. जुलाब थांबवायची गोळी स्वतःहून घेऊ नका, नाहीतर एका गोळीने ढकलायचं आणि दुसरीने अडवायचं असा खेळ सुरू होतो.

जुलाब तीव्र असतील तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी संपर्क करा. उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, लघवी कमी आणि गडद, पायात गोळे, छातीत धडधड ही पाणी आणि क्षार घटल्याची चिन्हं. मळात रक्त, एकाएकी असह्य पोटदुखी, ओठ किंवा चेहऱ्यावर सूज, अंगावर गांधी उठणं, श्वासाला त्रास: यात फोनची वाट पाहू नका, तातडीच्या विभागात जा.

काहींना या जुलाबाचा धोका जास्त असतो आणि त्यांना ते सांगितलेलं नसतं. लघवी वाढवणारी गोळी, रक्तदाबावरच्या काही गोळ्या, सूज-दुखीवरच्या गोळ्या यांच्या जोडीला शरीरातलं पाणी घटलं की मूत्रपिंडावर ताण येतो. लिथियम घेणाऱ्यांत रक्तातली पातळी वाढू शकते. डिगॉक्सिन घेणाऱ्यांत पोटॅशियम उतरलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात. तीव्र जुलाबात गर्भनिरोधक गोळीचा भरवसा कमी होतो, तेव्हा दुसरी काळजी घ्यावी. यांतलं काही चालू असेल तर ‘जुलाब लागले तर कोणती गोळी थांबवायची?’ हा प्रश्न आधीच विचारून उत्तर लिहून ठेवा. टेनापानोर आणि एनालाप्रिल एकत्र चालू असेल तर रक्तदाबावर जास्त लक्ष ठेवावं लागतं, कारण एनालाप्रिलचा परिणाम कमी होऊ शकतो.

घरात पडलेली पोट साफ करणारी गोळी किंवा चूर्ण या काळात बंद ठेवा, डॉक्टरांनी मुद्दाम चालू ठेवायला सांगितलं नसेल तर. इसबगोल चालू राहणार असेल तर भरपूर पाण्याबरोबर आणि बाकी गोळ्यांपासून दोनेक तास लांब.

किती थांबायचं?

मला विचाराल तर सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे. लिनाक्लोटाइडने शौच बहुधा पहिल्या आठवड्यातच सुधारायला लागतं. दुखणं आणि फुगणं मात्र हळूहळू, दोन-तीन महिन्यांत उतरत जातं. दहाव्या दिवशी ‘संडास होते पण दुखतंय तसंच’ म्हणून औषध सोडणारा माणूस नेमका चुकीच्या वेळी सोडतो. उलट, चार आठवड्यांत शौचातही काहीच फरक नसेल तर बारा आठवडे निमूट गिळत राहण्यात अर्थ नाही. चार आठवड्यांनी डॉक्टरांना दाखवून फेरविचार करावा.

यासाठी वही ठेवा. रोज चारच नोंदी: गोळी किती वाजता, शौच कितीदा आणि ब्रिस्टलचा कोणता प्रकार, दिवसातलं सर्वांत जास्त दुखणं शून्य ते दहामध्ये, आणि पोट फुगलं का. गोळी सुरू करण्याच्या आधीचा एक आठवडाही लिहा, नाहीतर तुलना कशाशी करणार? दुखणं आठावरून साडेपाचावर आलेलं रोजच्या जगण्यात कळत नाही, वहीत दिसतं. दुखण्याच्या आकड्यात साधारण ३० टक्के घट झाली तर औषध चाचण्यांमध्येही ते यश धरलं जातं. शून्याची अपेक्षा ठेवून बसलात तर चांगलं चाललेलं औषधही फसल्यासारखं वाटेल.

बंद करताना

लिनाक्लोटाइडची सवय लागेल ही भीती घरोघर असते. एका चाचणीत बरं वाटत असलेल्या काहींचं औषध न सांगता बनावट गोळीने बदललं. साधारण आठवड्यात त्रास पूर्वीच्या दिशेने परतला, पण पूर्वीपेक्षा वाईट झाला नाही. म्हणजे औषध थांबवल्यावर त्रास परत येणं हे व्यसन लागल्याचं लक्षण धरू नका. आजार आहे तिथेच आहे, एवढाच त्याचा अर्थ. दुसऱ्या गोळ्या जोडीला असतील, विशेषतः नैराश्यावरच्या, तर त्या एकदम तोडू नका. त्या टप्प्याटप्प्याने कमी करतात.

औषध बदललं आणि डबीत गोळ्या उरल्या, तर त्या केमिस्टकडे परत घेतात का विचारा. घेत नसतील तर मूळ डबीतून काढून वापरलेल्या चहापत्तीसारख्या नकोशा कचऱ्यात मिसळा, पिशवीत बंद करून टाका आणि डबीवरचं आपलं नाव खोडा. शेजारच्या काकूंचंही पोट साफ होत नसेल, तरी त्यांना देऊ नका. त्यांच्या पोटावरची जुनी शस्त्रक्रिया तुम्हाला माहीत नाही.